समजून घ्या : सातबाऱ्यातला ‘सात’ वेबवर, ‘बारा’ ॲपमध्ये; कापूस विकायला ॲप लागतंच का?

यवतमाळ जिल्ह्यात कुणालाही विचारा, ‘सीसीआय’ म्हणजे कापूस. हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ. दिल्लीत मात्र याच तीन अक्षरांची आणखी एक संस्था आहे : भारतीय स्पर्धा आयोग. ऑक्टोबर २०२२ मध्ये या दुसऱ्या सीसीआयने गुगलला दोन वेगवेगळ्या प्रकरणांत १,३३७.७६ कोटी आणि ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण होतं अँड्रॉइड फोन आणि त्यातलं प्ले स्टोअर यांवरच्या पकडीचा गैरवापर. तीन वर्षांनी पहिल्या सीसीआयने कापूस उत्पादकांना सांगितलं : २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा असेल, तर आधी ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी करा.

या दोन संस्थांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एकीने ज्या दाराबद्दल दंड केला, त्याच दारातून दुसरीने शेतकऱ्याला यायला सांगितलं. जगभरातले तंत्रज्ञ गेली पंधरा-सोळा वर्षं ज्यावर भांडताहेत, तो ‘बंद ॲप की खुलं वेब’ हा वाद असा पऱ्हाटीच्या तासात येऊन उभा राहिला. हा वाद नेमका काय आहे, आणि त्यात शेतकऱ्याचं काय अडकलंय?

कापूस विकण्याआधी फोनवर काय काय करावं लागतं?

टप्पे तीन आहेत.

पहिला, पिकाची नोंद. पूर्वी हे काम तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेलं हे ॲप फोनमध्ये घ्यायचं, वावरात जायचं, पीक निवडायचं आणि तिथूनच पिकाचा फोटो काढून पाठवायचा. फोन नेमका कुठे आहे, हे जीपीएसवरून तपासलं जातं.

दुसरा, सातबारा. ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. नुसता पाहायचा असेल तर फुकट. डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा हवा असेल तर १५ रुपये. ही सोय १ मे २०१८ पासून आहे. त्यासाठी कोणतंही ॲप लागत नाही. मोबाइल असो, सेवा केंद्रावरचा संगणक असो की मुलाच्या कॉलेजमधला लॅपटॉप, ब्राउझर उघडला की काम झालं.

तिसरा, ‘कपास किसान’. आधार, जमिनीचा कागद आणि कापसाच्या पेऱ्याची नोंद देऊन नोंदणी करायची आणि मग खरेदी केंद्रावर गाडी नेण्यासाठी स्लॉट घ्यायचा. हे ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी आहे.

आता एक गंमत पाहा. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सात नंबरच्या पानावर जमीन कुणाची ते असतं, बारा नंबरच्या पानावर त्या जमिनीत काय पेरलं ते. म्हणजे आजच्या घडीला एकाच उताऱ्यातला ‘सात’ कुणीही, कुठल्याही ब्राउझरमधून पाहू शकतो. ‘बारा’ भरायचा तर मात्र शेतकऱ्याला ॲप उतरवावं लागतं. जमीन तीच, मालक तोच, सरकारही तेच. दारं दोन.

यात पैशांचा प्रश्न कुठे आला?

२०२५-२६ साठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. त्याच ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, आणि हंगामाच्या सुरुवातीला खासगी बाजारातले भाव हमीभावाच्या खाली राहिले. अशा वर्षी सीसीआयच्या केंद्रावर माल जाणं, हाच शेतकऱ्याचा आधार असतो.

हिशेब सोपा आहे. खासगी व्यापारी क्विंटलमागे हजार रुपये कमी देत असेल आणि घरात वीस क्विंटल कापूस असेल, तर नोंदणी राहून गेल्याची किंमत वीस हजार रुपये. कापसात ओलावा किती, यावरून भाव ठरतो, हे शेतकऱ्याला माहीत आहे. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात आणि बाराच्या वर गेला तर माल परत. पण फोनमध्ये जागा किती, यावरूनही भाव ठरू शकतो, हे नवीन आहे.

नोंदणीसाठी आधी ३० सप्टेंबर २०२५ ही अंतिम तारीख होती. ती वाढवावी लागली. खरिपाच्या ई-पीक पाहणीलाही त्याच वर्षी मुदतवाढ द्यावी लागली. मुदतवाढ मिळाली हे चांगलंच झालं. पण दर वेळी ती द्यावी लागते, याचा अर्थ दार अरुंद आहे.

ॲप आणि वेबसाइट यांत नेमका फरक काय?

वेबसाइट ही गावातल्या चावडीसारखी असते. पत्ता माहीत असला की कुणीही जाऊ शकतो, बाहेर कुणाची परवानगी लागत नाही. ॲप म्हणजे घरात आणून बसवलेलं यंत्र. ते ठरावीक कंपनीच्या दुकानातून आणावं लागतं, ते तुमच्या फोनच्या मापाचं असावं लागतं, त्याला जागा लागते आणि दर काही महिन्यांनी ते बदलून घ्यावं लागतं.

माझे काका राळेगाव तालुक्यात शेती करतात. मागच्या दिवाळीत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. एक सरकारी ॲप उतरवायचं होतं आणि फोन जागा नसल्याचं सांगत होता. काका म्हणाले, ‘‘पाय बरं बाबू, साडेचार एकर वावर आहे, अन् मोबाइलात जागा नाही म्हनते.’’ व्हॉट्सॲपवर आलेले तीनशे सुप्रभात संदेश पुसले, लग्नाचे दोन व्हिडिओ काढून टाकले, तेव्हा कुठे ते ॲप बसलं. इंजिनिअर पुतण्या घरी होता म्हणून हे जमलं. दिवाळीनंतर तो परत जातो.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी बाजारभाव दाखवणारं अँड्रॉइड ॲप केलं होतं. परीक्षकांनी कौतुक केलं, आम्ही नोकऱ्यांना लागलो आणि ते ॲप कुणी पुन्हा हात लावून पाहिलं नाही. आज ते माझ्याच नव्या फोनवर चालत नाही. आमच्याच एका वर्गमैत्रिणीने दुसऱ्या वर्षाला केलेलं साधं वेबपान मात्र आजही उघडतं. दिसायला ते आमच्या ॲपपेक्षा कितीतरी गरीब होतं. पण साध्या वेबपानाला नवा फोन काय आणि जुना काय, फारसा फरक पडत नाही.

यामागे नियम आहे. प्ले स्टोअरवरचं ॲप ठरावीक काळात नव्या अँड्रॉइडसाठी अद्ययावत केलं नाही, तर नव्या फोनवाल्या नव्या वापरकर्त्याला ते तिथे सापडत नाही. उलट बाजूने, नवं ॲप फार जुन्या अँड्रॉइडवर बसत नाही. हौशी ॲपचं ठीक आहे. सरकारी योजनेचं ॲप असेल, तर दर वर्षी ते सांभाळणारा माणूस आणि त्याचा पगार, दोन्ही कायम लागतात.

‘खुलं’ म्हणजे फुकट का?

नाही. खुलं म्हणजे सगळ्यांसाठी एकच, जाहीर नियम. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने ते तंत्रज्ञान कुणालाही, परवाना शुल्काशिवाय वापरायला मोकळं केलं. त्यामुळे वेबपान कसं लिहायचं, याचे नियम कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. म्हणूनच सॅमसंगच्या फोनवर क्रोममध्ये उघडणारं पान आयफोनवर सफारीतही उघडतं.

हे समजायला किराणा दुकानातला क्यूआर कोड पुरे आहे. दुकानदाराने फोनपेचा कोड लावलेला असतो, आपण गुगल पेने पैसे देतो आणि पैसे पोहोचतात. कारण २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचे नियम सगळ्या ॲपना समान आहेत. उद्या फोनपेच्या कोडवर फक्त फोनपेनेच पैसे देता आले असते, तर दुकानदाराला काउंटरवर पाच-सहा कोड लावावे लागले असते. एका कंपनीचं तंत्रज्ञान वापरल्याशिवाय दुसरीकडे जाताच येत नाही, अशी रचना असेल तर तिला बंद किंवा मालकीचं तंत्रज्ञान म्हणतात.

कोड जाहीर करणं आणि दार खुलं ठेवणं, यांतही फरक आहे. २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर केला. आत काय चाललंय, हे तज्ज्ञांना तपासता आलं, ते योग्यच झालं. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी दार त्याने उघडलं नाही.

मराठी वाचकाने हा वाद आधी कुठे पाहिलाय?

फॉन्टमध्ये. पंचवीस वर्षांपूर्वी मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं उघडली की आधी सूचना यायची : फॉन्ट डाउनलोड करा. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या बातमीला चालत नसे. फॉन्ट नसेल तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा, कारण आतमध्ये साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच असायची, वरून फक्त देवनागरीचा अंगरखा घातलेला असायचा. ती बातमी गुगलवर शोधता येत नसे, एका फॉन्टमधून दुसऱ्या फॉन्टमध्ये नेली तर वाचता येत नसे.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पुढे विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट आला आणि हळूहळू सगळे त्या एका सामायिक नियमावर आले. आज तुम्ही हा मजकूर फॉन्ट डाउनलोड न करता वाचताय, तो त्या खुल्या नियमामुळे. आमच्या डेस्कवर आजही कुणी जुन्या फॉन्टमधला मजकूर पाठवला की तो आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि तरी चार-दोन जोडाक्षरं मोडतातच.

वेबवरच्या ‘फ्लॅश’चंही तेच झालं. एके काळी ॲनिमेशन आणि खेळ म्हणजे ॲडोबीचं फ्लॅश. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून ते आयफोनवर का नको, हे सांगितलं. फ्लॅश बंद आहे, वेबसाठी खुले नियम हवेत, असा त्यांचा एक मुद्दा होता. कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि त्यात बांधलेलं साहित्य ब्राउझरमध्ये दिसेनासं झालं. मालकीच्या तंत्रज्ञानात ठेवलेल्या वस्तूचं आयुष्य मालकाच्या इच्छेइतकंच असतं.

मग दाराची चावी कुणाकडे आहे?

२००७ मध्ये आयफोन आला, तेव्हा बाहेरच्या कंपन्यांनी वेबवर चालणारीच ॲप करावीत, अशी ॲपलची भूमिका होती. वर्षभरात ती बदलली. १० जुलै २००८ रोजी ॲप स्टोअर सुरू झालं. त्याच वर्षी अँड्रॉइडचंही दुकान उघडलं. फोनवर काय बसेल आणि काय बसणार नाही, हे ठरवण्याचा अधिकार दोन कंपन्यांकडे गेला. ॲपमधून होणाऱ्या डिजिटल विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत कमिशन, हा वादाचा मोठा भाग तिथूनच सुरू झाला.

भारतात त्याची चुणूक मार्च २०२४ च्या पहिल्या तारखेला दिसली. शुल्काच्या वादातून गुगलने शादी डॉट कॉम, नोकरी, ९९ एकर्स यांसारख्या भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढली. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर ती परत आली. त्या दिवसांत या कंपन्यांची संकेतस्थळं मात्र चालू होती. खुल्या वेबवरचा पत्ता गुगलला प्ले स्टोअरमधून काढता येत नाही.

ॲपलनेही त्याच सुमारास असाच धक्का दिला. युरोपात नवा डिजिटल कायदा लागू होत असताना, आयफोनच्या मुख्य पडद्यावर वेब ॲप बसवण्याची सोय तिथे बंद करण्याचं कंपनीने ठरवलं होतं. विरोध झाल्यावर १ मार्च २०२४ रोजी निर्णय मागे घेतला. म्हणजे वेब खुलं असलं तरी ते ज्या फोनमधून पाहायचं, त्या फोनचा मालक वेबचेही पाय बांधू शकतो.

दंडाचं पुढे काय झालं? अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये १,३३७.७६ कोटींचा दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही आदेश रद्द केले. दुसऱ्या प्रकरणातला दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला.

सरकारला ॲपच का हवं असतं?

याला कारणं आहेत, आणि ती निव्वळ हौसेची नाहीत.

एक, खोटेपणाला आळा. पीक नसताना पीक दाखवणं, कापूस व्यापाऱ्याचा आणि सातबारा शेतकऱ्याचा, हे प्रकार जुने आहेत. वावरात उभं राहून काढलेला फोटो हा चांगला पुरावा आहे. फोनला खोटं ठिकाण दाखवणारी सोंगाडी ॲप असतात. ती ओळखणं ॲपला जमतं, ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला नीट जमत नाही.

दोन, नेटवर्क. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या जंगलपट्ट्यात वावरात उभं राहिल्यावर रेंज असेलच असं नाही. ॲपमध्ये नोंद साठवून ठेवायची आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायची, हे सोपं जातं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, तो थेट उपग्रहावरून ठिकाण घेतो. त्यामुळे हे शक्य होतं.

तीन, गर्दी. स्लॉट देऊन केंद्राबाहेरची गाड्यांची रांग कमी करता येते. कडाक्याच्या थंडीत केंद्राबाहेर गाडीखाली रात्र काढलेल्या शेतकऱ्याला स्लॉटचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

हेच ब्राउझरमध्ये होत नाही का?

बरंचसं होतं. फोनचं ठिकाण ब्राउझर गेली पंधरा वर्षं विचारू शकतो. परवानगी आपण द्यायची असते. वेबपानातून कॅमेरा वापरणं आयफोनवर २०१७ पासून, अँड्रॉइडवर त्याआधीपासून जमतं. इंटरनेट नसताना चालणारी वेबपानं क्रोममध्ये २०१५ पासून आणि सफारीत २०१८ पासून करता येतात. अशा वेबपानाचं चिन्ह फोनच्या मुख्य पडद्यावर ॲपसारखं ठेवता येतं आणि ते ॲपच्या मानाने फारच थोडी जागा घेतं.

मर्यादाही आहेत. सफारीत मुख्य पडद्यावर न ठेवलेलं पान सात दिवस वापरलं नाही, तर त्याने साठवलेली माहिती पुसली जाऊ शकते. म्हणजे रेंज नसताना केलेली नोंद आठवडाभर फोनमध्येच राहिली, तर धोका आहे. खोटं ठिकाण ओळखण्याची अडचण वर सांगितलीच.

त्यामुळे वावरातल्या फोटोसाठी ॲप, हे समजण्यासारखं आहे. पण नाव, आधार, गट क्रमांक, बँक खातं भरणं आणि तारीख निवडणं, यात असं काहीही नाही जे साध्या वेबपानावर होत नाही. रेल्वेचं तिकीट आपण ब्राउझरमधून काढतोच.

‘फक्त ॲप’ हा प्रयोग आधी कुणी केलाय?

कपडे विकणाऱ्या मिंत्राने. मे २०१५ मध्ये कंपनीने वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं. भविष्य ॲपचंच आहे, असा तेव्हा बोलबाला होता. जून २०१६ मध्ये संगणकावरची वेबसाइट परत सुरू करावी लागली. तिची मालक कंपनी फ्लिपकार्टने तर नोव्हेंबर २०१५ मध्येच ‘फ्लिपकार्ट लाइट’ हे हलकं, वेबवर चालणारं रूप आणलं होतं. शहरातला, महागडा फोन वापरणारा ग्राहकही ‘फक्त ॲप’ला सरसकट तयार नव्हता. आणि त्याला आवडलं नाही तर तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होता. हमीभावाचं दुसरं दुकान नाही.

सरकारी उदाहरण ‘कोविन’चं. लशीची नोंदणी संकेतस्थळावर, ‘आरोग्य सेतू’वर आणि ‘उमंग’वरही करता येत होती. तरी ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीचा मुद्दा उपस्थित केला. २१ जूनपासून १८ वर्षांवरील सर्वांना नोंदणीशिवाय थेट केंद्रावर जाऊन लस घेण्याची मुभा मिळाली. म्हणजे तीन डिजिटल दारं असूनही चौथं, पायी जाण्याचं दार लागलं.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीनांच्या केवायसीच्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकलं : डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. केंद्राचं ई-प्रशासनासाठीचं खुल्या मानकांचं धोरण तर २०१० पासून आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे. अडतंय ते अंमलात.

सेवा केंद्र आहेच की, मग अडचण काय?

हा उपाय बहुतेक जण सांगतात, आणि बहुतेक गावांत तोच चालतो. पण सेवा केंद्रावर संगणक असतो. वेबसाइटचं काम तिथे एका पाठोपाठ एक उरकतं. मोबाइल ॲपचं काम आलं की तो माणूस आपल्याच फोनवर एकेकाचं खातं उघडत बसतो, ओटीपी शेतकऱ्याच्या फोनवर येतो, तो फोन घरी किंवा मुलाकडे असतो. शेतकरी पुन्हा फेरी मारतो. एका हंगामात दोन-तीन फेऱ्या म्हणजे तितक्या दिवसांची वेचणी बुडते.

आणि जिथे ॲप म्हणजे धावपळ, तिथे फसवणूकही येते. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या खोट्या एपीके फाइल हा आता माहितीतला धोका आहे. शेतकऱ्याला ‘ॲप उतरवा’ अशी सवय आपणच लावली, की खरं ॲप कोणतं आणि खोटं कोणतं, हे ओळखण्याचा भारही त्याच्यावरच पडतो. खोट्या वेबसाइटही असतात. पण पत्ता gov.in ऐवजी दुसराच आहे, हे सांगणं सोपं आहे. बाहेरून आलेली फाइल फोनमध्ये शिरून काय करेल, हे सांगणं अवघड.

मग मार्ग काय?

ॲप बंद करा, असं कुणी म्हणत नाही. ज्याला सोयीचं आहे त्याने ते वापरावं. प्रश्न इतकाच की ॲप हे सोयीचं दार असावं, एकमेव दार नसावं. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, नोंदणी आणि स्लॉट कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या, हलक्या, मराठी वेबपानावरही मिळावा. दुसरी, एका खात्याने घेतलेली नोंद दुसऱ्याने त्याच्याकडूनच घ्यावी. कापसाचा पेरा सरकारकडे आधीच आहे. तो सातबाऱ्यावरून काढून शेतकऱ्याने पुन्हा सरकारलाच का द्यायचा? सामायिक नियम असले की यंत्रणा एकमेकींशी बोलतात, जसं यूपीआयमध्ये होतं. तिसरी, बाजार समितीत एक खिडकी, जिथे सातबारा आणि आधार घेऊन गेलेल्या माणसाची नोंद फोनशिवायही होईल.

तोवर वाचकांनी काय करावं? खरिपाची ई-पीक पाहणी सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच नोंद करा, शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर गर्दी होते. नोंद केल्यावर महाभूमीच्या संकेतस्थळावर जाऊन सातबारा उघडा आणि पेऱ्यात कापूस दिसतो का, ते स्वतः पाहा. शेतकऱ्याने न केलेली नोंद नंतर गावातल्या सहायकामार्फत होते, त्यामुळे राहिली असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांना गाठा. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल कुणीही पाठवली असली तरी उघडू नका. नोंदणी झाल्याचा संदेश जपून ठेवा, त्याचा स्क्रीनशॉट घरातल्या आणखी एका फोनवर पाठवून ठेवा.

काकांच्या फोनमध्ये आता दोन सरकारी ॲप आहेत. सातबारा मात्र ते आजही ब्राउझरमध्येच पाहतात. तो पत्ता त्यांना कुणी शिकवला नाही. पानठेल्यावर कुणीतरी लिंक पाठवली, ती उघडली, एवढंच. कापसाची नोंदणीही अशीच, पानठेल्यावर आलेल्या एका लिंकवर व्हायला हवी.